रंगाच्या पाण्यावरचा सोनचाफा

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. डोळ्यांना दिसेल तेच काढायचं, ही आमची शिस्त. आज माझ्यावरच सांगायची पाळी आलीय... हसा हवं तर.

राजारामपुरीत, दवाखाने आणि क्लासेसच्या गर्दीत, माझ्या गुरूंचा बंगला आहे. मोठे चित्रकार, नाव सांगत नाही. बंगल्यामागची जागा निव्वळ मुरूम होती. सर निसर्गचित्रं काढायला बाहेर पडले की येताना एक रोप आणायचे, अशी ती बाग झाली. सोनचाफा मात्र त्यांचा लाडका. चित्र संपलं की ब्रश धुतलेलं डब्यातलं पाणी मोरीत नाही, त्याच्याच बुंध्याशी. तो डबा रिकामा केल्याशिवाय सर जेवायला बसायचे नाहीत.

सर गेल्यावर बाग मी सांभाळू लागलो. काकू — म्हणजे त्यांच्या पत्नी — रोज त्याच झाडाचं फूल, नसलं तर निदान पान, सरांच्या फोटोला वाहून मगच जेवायच्या.

आणि मी नको तो शहाणपणा केला. रंगात विषारी द्रव्यं असतात म्हणून बुंध्याभोवतीची ती रंगीत माती खणून फेकली, नवी माती आणि शेणखत घातलं. मुळं दुखावली असतील... महिन्याभरात झाडावर एक पान उरलं नाही. काकूंनी ताट सरकवलं. बाजारातून फुलं आणली तर म्हणाल्या, "ही त्यांच्या झाडाची न्हाईत. ने परत." डॉक्टर ओरडले की दोन घास दहीभात, बस्स. माझ्या डोळ्यांदेखत त्या झिजत होत्या आणि पाप माझं होतं. ताक, निंबोळी पेंड, नर्सरीवाल्यांचे सल्ले — सगळं केलं. रंग कालवलेलं पाणीही घातलं. काही उपयोग नाही.

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बुंध्याशी बसून अक्षरशः रडलो. "सर, चुकलं माझं." तिथून उठून उगीचच वर स्टुडिओत गेलो. कुलूप मीच उघडलं. किल्ली एकच, ती माझ्याकडे. सरांचा तो जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, डबा मी स्वतः धुऊन पालथा घातलेला... तो सुलटा होता. आत काठोकाठ गढूळ हिरवं पाणी — आणि ते अजून फिरत होतं, ब्रश नुकताच बाहेर काढल्यासारखं.

दोन्ही हातांनी डबा उचलला. तसाच खाली आणून बुंध्याशी ओतला. काकू खिडकीत बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. म्हणाल्या, "आज उशीर झाला की त्यांना."

नवव्या दिवशी कोंब फुटला. पुढे काकूंनी त्याचं पहिलं पान वाहिलं आणि अख्खी भाकरी खाल्ली. मी समोर बसून त्यांचा एकेक घास बघत होतो.

त्याला दोन महिने झाले. रोज वर जातो, डबा कोरडाच असतो. या आठवड्यात कोंब काळे पडले. काल काकूंनी पुन्हा ताट सरकवलं.

हे कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही, आणि आता मला कारण नकोच आहे. तुमच्यापैकी कुणाला अशातलं काही ठाऊक असेल, तर तो डबा अजून एकदा भरावा म्हणून मी काय करू, तेवढं सांगा.