मास्तरांच्या टीव्हीतली चकती

ओब्दुलिया यागुआल तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढली. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी खांब सोडले, पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय सुटली नाही. आता ग्वायाकील शहरातल्या आमच्या वस्तीत कुणाचं वायफाय रुसलं की तिलाच बोलावतात. कंपनीचा माणूस राउटर बंद करतो, चालू करतो आणि सही घेऊन पळतो. ओब्दुलिया आधी बसायला खुर्ची मागते.

मार्चमध्ये तिला ओल्मेदो मास्तरांनी बोलावलं. दुपारची मालिका ऐन रंगात आली की पडद्यावर चित्र अडकून चकती गरगरायची आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप थांबायची. मास्तरांचं निदान तयार होतं.

"शेजारचा वेलिंग्टन माझं वायफाय चोरतो. बायको गेल्यापासून त्याला दुसरा उद्योगच नाही."

"पासवर्ड बदललात?"

"चारदा. आता तो मलाच आठवत नाही."

वेलिंग्टनशी त्यांनी सहा महिने बोलणंही टाकलं होतं.

पहिल्या दुपारी ओब्दुलिया टीव्हीसमोर बसून राहिली, पण चकती फिरकलीच नाही. मास्तर ओशाळले. त्या दिवशी त्यांची बायको क्लोतिल्दे बहिणीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी ती घरी होती, आणि सव्वातीनला चकती हजर झाली. ओब्दुलिया उठून थेट स्वयंपाकघरात गेली.

तिथे जुना मायक्रोवेव्ह घरघरत होता आणि त्याच्या डोक्यावर, विणलेल्या रुमालावर, राउटर बसवलेला होता. क्लोतिल्देने आतून बोकडाच्या रश्श्याचा वाडगा काढला आणि मागच्या दाराबाहेरच्या बुटक्या भिंतीवरून पलीकडे दिला. वेलिंग्टनच्या हाताने तो घेतला.

"ह्यांना सांगू नकोस गं," क्लोतिल्दे कुजबुजली. "त्या बापड्याला अंडंसुद्धा उकडता येत नाही. हे मालिकेला चिकटले की मी देते."

"मी वायफायची बाई. रश्श्यातलं मला काय कळतं?"

ओब्दुलियाने राउटर बैठकीतल्या उंच फळीवर हलवला आणि टीव्हीला राउटरच्या दुसऱ्या लहरीवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, जोडलं.

"मास्तर, चोर घरातच होता. मायक्रोवेव्ह सुरू झाला की त्याच्या गोंगाटात टीव्हीला राउटरचं ऐकू येत नव्हतं."

मास्तरांनी डोळे बारीक केले. "पण दुपारी तीनला आपल्याकडे गरम काय होतं?"

"तुमची कॉफी," क्लोतिल्दे म्हणाली.

"मला तर थंड मिळते."

क्लोतिल्देची नजर मागच्या दाराकडे गेली. मास्तर उठले, मागच्या दारी गेले. भिंतीपलीकडे वेलिंग्टन उभ्यानेच रस्सा ओरपत होता.

"पुढच्या दाराने ये," मास्तर म्हणाले. "माणसासारखा बसून जेव."

तेव्हापासून वेलिंग्टन रोज तीनला येतो. मालिका मध्येच थांबत नाही, पण तोही बोलायचा थांबत नाही. परवा मास्तर ओब्दुलियाला विचारत होते, ह्याला बंद करायचं बटण कुठे असतं म्हणून.