कान तुटलेला कप

पिपलानीतल्या, कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरला दोन दारं होती. सफाईवाल्या मावशी मागच्या दाराने यायच्या. त्यांचा कान तुटलेला कप अंगणातल्या भिंतीवर पालथा असायचा. आई त्यात वरून चहा ओतायची आणि कप मावशींनीच विसळून ठेवायचा.

मावशींचे यजमान कारखान्यात बाबांच्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, हेल्पर होते. तिथल्या कँटीनमध्ये दोघं रोज एकाच बाकावर जेवायचे, एकमेकांच्या ताटातलं लोणचं घ्यायचे. मी आठवीत असताना बाबांना विचारलं, मग घरी कप वेगळा का? पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, “तिथे नियम आहे.”

त्या उत्तराचा मला फार राग आला. पुढे मी कायदा शिकले, समानतेचे आंतरराष्ट्रीय करार कॉलेजात शिकवले. बाबांचं ते वाक्य दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायचे. पोरं हसायची.

परवा घरी माझे जुने विद्यार्थी आले होते. कामाच्या ताईंनी चहा केला, ट्रेमध्ये सगळ्यांचे कप मांडले आणि स्वतःसाठी ओट्याखालचा स्टीलचा पेला काढला.

तो तिथे मीच ठेवला होता.