आधी सावली

"आधी सावली, मंग अक्षर!"

कुणी घाई केली की पेंटरभाऊ हे म्हणायचे, ब्रश कानामागे खोचायचे आणि दोन पावलं मागे सरकून पाटीकडे बघत राहायचे. दुकानदार तिकडे तळमळत असायचा. बाकीचे पेंटर आधी अक्षर काढतात आणि मग त्याला सावली देतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या भाऊंचं सगळं उलटं. कोऱ्या पत्र्यावर ते आधी करड्या रंगात नुसती सावली ओढायचे. अक्षराची जागा रिकामीच. सावली सुकली की दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या जागेत अक्षर भरायचं.

आदिलाबादच्या कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची घरं समोरासमोर. मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि राग माझ्या नाकावर असतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. पण भाऊंची सावली ओढून झाली की मीही चहाच्या टपरीपाशी थांबायचे. टपरीवरची मंडळी नुसत्या सावलीवरून नाव ओळखायची आणि हरणारा सगळ्यांना चहा पाजायचा.

आमच्या शाळेची पाटी मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तीन लिपींत होती. उर्दूचे सर म्हणाले, आमची लिपी उजवीकडून चालते, तर सावलीही उलट्या बाजूला पाडा. भाऊंनी शांतपणे ब्रश खाली ठेवला.

"लिप्या तीन असू द्या जी, सूर्य तं एकच हाय ना?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच दिवशी भाऊंनी मला विचारलं, "बाई, ह्या आधीच्या सावलीले इंग्रजीत काही नाव असनच ना?"

नाव होतं. ॲडम्ब्रेट. पुढे जे यायचं आहे त्याची पुसटशी चाहूल आधीच देणं. मी म्हटलं, हा शब्द लॅटिनमधून आला. तिकडे 'अम्ब्रा' म्हणजे सावली. छत्रीला अम्ब्रेला म्हणतो, तीही ह्याच घरची लेक. चित्रकार नुसत्या सावलीनं आकृती उभी करायचे, त्यावरून हा शब्द निघाला. लेखकांनी तो नंतर उचलला.

"म्हंजे शब्द पेंटरचा हाय!" भाऊंची छाती फुगली. मग म्हणाले, "आन् सावली पडली का मागून वस्तू येतेच?"

"येते की! वस्तूच नसेल तर सावली पडेल कशाची?" मी वर्गात बोलते तसं ठणकावून सांगितलं.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवून घेणारे कमी झाले. भाऊंनी त्याचं फार मनावर घेतलं नाही. बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, सुजाता, हैदराबादला वकिली शिकत होती. तिच्या पाटीसाठी एक चांगला जाड पत्रा त्यांनी जुन्या साडीत गुंडाळून खाटेखाली ठेवला होता. "तिची पाटी छापायची नाई. माह्या हातची लागन," असं ते गल्लीभर सांगत फिरायचे.

आणि एका हिवाळ्यात त्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली.

डॉक्टर म्हणाले, हा कंप वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर सावकाश वाढेल. भाऊंनी उरलीसुरली कामंही सोडून दिली. "जेवढा हात उरला, तेवढा तिच्यापुरता ठेवतो, बाई."

सुजाता पास झाली, पण वकिलीची सनद हाती यायची होती. तेवढ्यात भाऊंनी पत्र्यावर सावली ओढून घेतली. "सावली हालली तं चालते, तिची कड अक्षराखाली दबते. अक्षर हाललेलं नाई चालत."

मी चिडले. "मग अक्षरंही आत्ताच काढून टाका ना! हात काय सनदेची वाट बघत बसणार आहे?"

"सनद आल्याबिगर वकील कसं लिवू? खोटं होते ते."

सुजातानं फोनवर विनवण्या केल्या. ऐकतो कोण! रोज सकाळी ते हात उन्हात धरून बघायचे. माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

पुढच्या हिवाळ्यात सनद घेऊन सुजाता घरी आली. भाऊंनी मला हाक मारली. सुजातानं पत्रा भिंतीला टेकवून धरला. भाऊंनी पिवळा रंग घेऊन ब्रश टेकवला, आणि अक्षर सावली सोडून भलतीकडेच गेलं. त्यांनी टर्पेंटाईनच्या फडक्यानं ते पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. मग सुजाताच्या ओढणीनं मनगट काठीला बांधून घेतलं. तरी तेच. घरभर टर्पेंटाईनचा वास भरला होता. शेवटी त्यांनी तो हात भिंतीवर आपटला, एकदा, दोनदा, आणि सुजातानं धरला तेव्हा थांबले.

"बाबा, मी धरू का तुमचा हात? दोघं मिळून लिवू."

"नको. मंग ते तुह्या हातचं होईन."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी म्हणलं होतं ना, सावली पडली का मागून येतेच? मंग काऊन नाई येऊन राह्यलं?"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. माझी त्यांना काही मदत झाली नाही.

त्यानंतरही रोज सकाळी त्यांचं काढणं आणि पुसणं चालू होतं. थंडी संपायच्या आत छातीत कफ भरला आणि ते गेले. मंचेरियलहून त्यांचा एक जुना दोस्त आला होता, तोही पेंटरच. म्हणाला, मी भरून देतो अक्षरं. सुजातानं हात जोडून नको म्हटलं आणि पाटी होती तशीच कोर्टाजवळच्या आपल्या ऑफिसवर लावली.

आदिलाबादला आलात तर बघा. जवळ गेलं की रिकाम्या जागेत फडक्याचे पुसट पिवळे डाग दिसतात.

गेल्या आठवड्यात मी तिथे बसले होते. बाजारहत्नूरचा एक माणूस जमिनीच्या कामासाठी आला. दारात थांबून, मान वर करून त्यानं सगळी पाटी न अडखळता वाचली.

"वकीलबाई, नाव तं समजलं. पन अक्षरं काऊन नाई लिवले?"

सुजातानं फायलीतून डोकं वर काढलं नाही.

"येऊन राह्यले जी," ती म्हणाली. "बसा."