पहिल्या नंबरच्या गायकाचं नाव

ओडिलियाच्या वहीत वर्षभरात एकशे चौदा गाणी आली आणि त्यातली एकशे चार तिने स्वतःच्या हाताने खोडली. खोडताना दयामाया नाही. ‘घसा बसलेला असताना गायलाय’, ‘बायको पळून गेली यात आमचा काय दोष’, ‘पहिलं कडवं झकास, पुढे नुसतं पाणी’ असे शेरे समासात मारून ती आडवी रेघ ओढायची. डोंगरातल्या कुंदियावा गावच्या दवाखान्यात चादरी धुण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती. एका कानात इअरफोन असायचा आणि दुसरा कान मुकादमबाईंसाठी मोकळा. चादर पिळता पिळता गाणं पसंत पडलं तर ती आणखी जोरात पिळायची, एवढ्यावरून बाकीच्या बायका ओळखायच्या.

गावातलं रेडिओ स्टेशन दर डिसेंबरात एका श्रोत्याला बोलवायचं. श्रोत्याने वर्षातली आपली आवडती दहा गाणी सांगायची, दहापासून एकपर्यंत, स्वतःच्या आवाजात: गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि का आवडलं ते. ओडिलिया अकरा वर्षं यादी पाठवत होती. बाराव्या वर्षी स्टेशनवरून फोन आला आणि निवेदक गावेरा म्हणाला, “मावशी, यंदा तुम्ही.” तिने हातातली ओली चादर तशीच जमिनीवर टाकली. आनंद टिकला जेमतेम तासभर. मग तिला पहिल्या नंबरची आठवण झाली.

पहिल्या नंबरचं गाणं होतं ‘दरडीपलीकडून’. दरड कोसळून रस्ता तुटतो, एक माणूस पलीकडे अडकतो, आई अलीकडे दिसत असते. तो हाका मारत राहतो आणि तिला ऐकूच जात नाही. बस, एवढंच गाणं. गायकाचं नाव संडे. आपल्याला ते घ्यायला काही हरकत नाही, पण ओडिलियाला होती, कारण तिच्या जावयाचं नावही संडे होतं.

यादी तिने ऑक्टोबरात पाठवली. तेव्हा संडे हा फक्त संडे होता: बाजारात मोठी रंगीत छत्री रोवून लोकांच्या फोनमध्ये गाणी भरून देणारा, शेजारच्या वाडीतला पोरगा. “ए संडे, नवीन काय आलंय? कचरा नको देऊस,” असं ती पंधरा वर्षं ओरडत आली होती. ‘दरडीपलीकडून’ जानेवारीत त्यानेच दिलं होतं. “मावशी, हा माझा नावबंधू. याला खोडलंत तर मला खोडल्यासारखं आहे,” असं म्हणाला होता. नोव्हेंबरात त्याच्याकडच्यांनी लग्नाची डुकरं आणून अंगणात बांधली, ओडिलियाची लेक जॅसिंता लाल झोळी डोक्याला अडकवून नवरी म्हणून त्याच्या घरी गेली, आणि त्या दुपारपासून तो ओडिलियाचा तांबू झाला. तांबू म्हणजे सासरचं माणूस, आणि तांबू म्हणजे ज्याला शिवायचं नाही ते. शब्द एकच. तांबूचं नाव तोंडातून काढायचं नाही, दोघांनी एकमेकांना ‘तांबू’ एवढीच हाक मारायची. काढलं तर डुक्कर देऊन भरपाई, आणि डुक्कर दिलं तरी लेकीला तिच्या घरात वर्षानुवर्षं टोमणे.

बरं, नावही असं की आठवड्याला भोकच पडलं. ती ‘चर्चचा दिवस’ म्हणू लागली. मुकादमबाईंनी विचारलं, “ओडिलिया, संडेला येशील का जादा कामाला?” तर ही म्हणाली, “सोमवारच्या आदल्या दिवशी येईन.” बायका हसून हसून लोळल्या.

पण जिभेला पंधरा वर्षांची सवय. लग्नानंतर आठवड्याभरातच तापल्या दगडांवर रताळी भाजत असताना संडे मागे सरकला, त्याची टाच निखाऱ्याला लागणार, आणि ओडिलियाच्या तोंडातून “सं—” एवढं निघालंच. पुढचं तिने खोकून गिळलं. संडेचा काका समोरच बसला होता. सुपारी चघळणं थांबवून त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिने धसका घेतला आणि सोपा उपाय काढला: जावयाला हाकच मारायची नाही. काहीच नाही, ‘अहो’ नाही की ‘तांबू’ नाही. तो आला की ती चुलीत फुंकत बसायची. एकदा बोलायला तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याचा तिला भरवसा नव्हता.

रेडिओची बातमी कळल्यावर जॅसिंता धावत आली. ती दारातच म्हणाली, “आई, पहिला नंबर बदल.”

“का म्हणून? वर्षभरात तेवढं एकच गाणं धड निघालंय.”

“काका बाजारात कर्ण्यावर रेडिओ लावणार आहेत. म्हणतात, बघू या, विहीणबाई कशी तोंड सांभाळते.”

“मग तुझ्या काकांना म्हणावं, कानात कापूस घाल.”

“मस्करी नको करूस. तुझं काय, तू इथे चादरी धुशील. राहायचं मला आहे तिथे.” जॅसिंता उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, “तसंही तू त्याला कधी हाक मारत नाहीस. परवा विचारत होता, तुझ्या आईला मी आवडत नाही का? पूर्वी बाजारात शिव्या तरी घालायची म्हणाला.”

ओडिलियाने लेकीच्या झोळीत शेंगा भरल्या, नको नको म्हणत असताना भरल्या. लेक गेल्यावर ती वही उघडून बसली. दुसऱ्या नंबरचं गाणं वर घ्यावं का? होतं ते बरं, नाचायला ठीक. पण ते पहिलं म्हणून सांगणं म्हणजे गावापुढे खोटं बोलणं, आणि गाण्याच्या बाबतीत खोटं बोलणारी माणसं तिला चोरापेक्षा वाईट वाटायची.

तिने गावेराला फोन लावला. हा गावेरा समुद्राकाठचा, डोंगरातल्या रीती त्याला नव्या.

“ते पहिलं गाणं आहे ना, त्याच्या गायकाचं नाव तुम्ही घ्याल का?”

“नियम आहे मावशी, श्रोत्यानेच घ्यायचं. का, अवघड आहे का नाव?”

“अवघड नाही. मला घेता येत नाही.”

“कुठलं नाव म्हणता?”

“ते.”

“ते कुठलं?”

“जे घेता येत नाही ते,” ओडिलिया म्हणाली, आणि पलीकडे गावेरा इतका गोंधळला की त्याने तिला भरपूर पाणी पिऊन यायला सांगितलं.

शनिवारी दुपारी दोनला ती स्टेशनच्या छोट्या खोलीत बसली. समोरच्या यादीत तिचंच अक्षर, आणि तळाशी तिनेच ऑक्टोबरात झोकात लिहिलेलं ते नाव. तेव्हा तो तांबू नव्हता, म्हणून तर एवढं सगळं झालं.

दहावं तिने धडपडत सांगितलं. नववं बरं गेलं. आठव्याला, बस बिघडल्यावर नवरी उतरून पायी सासरी जाते त्या गाण्याला, ती म्हणाली, “बाई शहाणी आहे. ड्रायव्हरची वाट बघत बसली असती तर अजून तिथेच असती.” गावेरा हसला. सहाव्याबद्दल तिने सांगितलं की ढोल वाजवणारा गायकापेक्षा चांगला आहे, गायकाने हे मनावर घेऊ नये. ती बोलत होती, पण लक्ष सगळं खालच्या ओळीवर. प्रत्येक गाणं संपत आलं की तिला वाटे, आणखी एक कडवं असू दे. तीन. दोन. दुसऱ्या नंबरच्या गाण्यात नेहमी चार कडवी असत. त्या दिवशी ती दोनच आहेत की काय असं तिला वाटलं.

“आणि आता मावशींचा पहिला नंबर,” गावेरा म्हणाला. “सांगा.”

“दरडीपलीकडून,” ओडिलिया म्हणाली.

“वा. आणि गायक?”

बाजारात कर्ण्याखाली माणसं उभी असतील, काका स्टुलावर बसला असेल, जॅसिंता कुठेतरी कोपऱ्यात जीव मुठीत धरून असेल, हे सगळं तिला दिसलं. जिभेच्या टोकाशी ते नाव येऊन उभं होतं, पंधरा वर्षांच्या ओळखीचं. आणि तोही तिथेच असेल, छत्रीखाली. पूर्वी शिव्या तरी घालायची, असं म्हणणारा.

“मावशी? गायक कोण?”

“तांबू,” ओडिलिया म्हणाली.

“तांबू?”

“माझा तांबू. गाणं त्यानेच मला दिलं. जानेवारीत दिलं आणि वर्षभर मी दुसरं कुठलं त्याच्यावर चढू दिलं नाही. चांगला आहे माझा तांबू. आता लावा गाणं.”

गावेराला अर्धंच कळलं, पण त्याने गाणं लावलं. सुरुवातीला गायक आपलं नाव मोठ्याने सांगतो तसं त्या गायकाने सांगितलं. ते त्याचं त्याने घेतलेलं होतं.

घरी जायची बस बाजारातूनच सुटते, तेव्हा जाण्याशिवाय इलाज नव्हता. ओडिलिया खाली मान घालून निघाली. छत्रीपाशी गर्दी होती. लोक फोन पुढे करत होते आणि म्हणत होते, “ते तांबूचं गाणं भर.” पुठ्ठ्यावर कोणीतरी काळ्या पेनाने तिची दहाच्या दहा गाणी लिहून टांगली होती. एक नंबरला लिहिलं होतं: दरडीपलीकडून, गायक तांबू. अक्षर जावयाचं होतं.

काका स्टुलावरच होता. त्याने बाजूला सुपारी थुंकली, तिला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाला, “विहीणबाई, तोंड चांगलं सांभाळलंत. भरपाईचं डुक्कर मात्र आमचं गेलं.”

जॅसिंता काकाच्या पाठीमागे उभी होती आणि डोळे पुसत होती. तिच्या नवऱ्याने एका माणसाचा फोन परत दिला, हात पँटला पुसले आणि रीतीप्रमाणे दोन हात अंतर ठेवून उभा राहिला.

“तांबू,” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “पाऊस येतोय. छत्रीत या.”

ओडिलिया छत्रीत गेली. घशाशी आलेलं नाव तिने नेहमीसारखं गिळलं, पण या वेळी खोकावं लागलं नाही.

“तांबू,” ती म्हणाली, “उद्या दोघं जेवायला या. चर्चच्या दिवशी.”

“कुठल्या दिवशी म्हणालात?”

“शहाणपणा करू नकोस. मुकाट्याने ये.”

तो हसला. लग्नानंतर तिने त्याला हसताना पाहिलंच नव्हतं, कारण त्याच्या तोंडाकडे बघण्याची तिला हिंमत झाली नव्हती. पुढचा दात थोडा तुटका होता त्याचा, अजून तसाच होता.