गोळी सुटण्याआधीचा धक्का

सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला की पाइप मागे ढकलला जातो. किती जोराने ढकलला जाईल याचं गणित मांडायचं आणि त्याला पुरेल एवढा भक्कम आधार द्यायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये मी इंजिनिअर आहे. त्यामुळे स्वतःसाठी जोरकस पिस्तूल निवडायची वेळ आली तेव्हा मी आधी लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये रकाने आखले. पिस्तूल म्हणजे तरी काय, एक पाइपच. पुढून काहीतरी वेगाने बाहेर पडतं आणि त्याचा धक्का मागे येतो.

सिंगापुरात पिस्तूल म्हटलं की लोक चमकून बघतात, आणि ते बरोबरच आहे. इथे बंदूक घरी आणता येत नाही. आमच्या नेमबाजी क्लबात ती आर्मरीत कुलपात असते. सही करून घ्यायची, रेंजवर वापरायची, पुसून परत करायची. स्वतःच्या नावावर एखादं घ्यायचं तर क्लबची शिफारस, पोलिसांचा परवाना आणि मग लांबलचक वाट पाहणं. चुकीचं निघालं तर साडीसारखं दुकानात जाऊन बदलून आणता येत नाही.

आणि मला या वेळी चुकायचं नव्हतं. आमच्या क्लबचा चार जणांचा संघ आहे. त्यातला एक गडी पर्थला राहायला गेला आणि चौथी जागा रिकामी झाली. तोपर्यंत मी नाइन एमएमचं साधं पिस्तूल चालवत होते. आमच्या खेळात घड्याळ लावून, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात लक्ष्यं टिपायची असतात. संघ मात्र जोरकस गोळीच्या गटात खेळतो. त्या गटात गोळी लक्ष्याच्या कडेला लागली तरी जास्त गुण मिळतात. बदल्यात तुमच्या हाताला जास्त धक्का सोसावा लागतो. आमचे कप्तान व्यवसायाने दातांचे डॉक्टर. इथलेच चिनी गृहस्थ, माझ्यापेक्षा वयाने मोठे. ते म्हणाले, "जागा तुला देईन. पण आधी पिस्तूल ठरव, आणि ते तुला पेलतं हे मला दाखव. स्पर्धेला नाव द्यायच्या आत."

पन्नाशीत कुणी आपल्याला संघात घेतंय याचा आनंद काय असतो, हे सांगायला मला माझ्या कॉलेजात जावं लागेल. आमच्या तालुक्याच्या गावी एनसीसी होती आणि मुलींच्या तुकडीला एक बाई होत्या. फायरिंगच्या कॅम्पला जायचं म्हटल्यावर वडिलांनी सरळ नाही म्हटलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यात मुलगी आणि त्यात बंदूक. बाई सायकलवरून घरी आल्या, ओट्यावर बसून चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाव मी देऊन आलेय. आता ती गेली नाही तर मला खाली बघावं लागेल." बाईंना खाली बघायला लावणं वडिलांना जमलं नाही. कॅम्पमध्ये पॉइंट टू-टूची रायफल हातात देऊन बाईंनी शिकवलं: दस्ता खांद्यात घट्ट ओढ, श्वास रोख, सगळं अंग आवळून दगड हो. मी दगड झाले आणि पहिली आले. पुढे इंजिनिअरिंगला जायचं धाडस मला त्या कॅम्पनेच दिलं, असं मी आजही मानते.

तर, क्लबने चाचणीसाठी तीन पिस्तुलं काढून दिली. पहिलं फोर्टी कॅलिबरचं, प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं, हलकं. दुसरं त्याच फोर्टीचं, पण सगळं पोलादी आणि जाडजूड मुठीचं. पोटात भरपूर गोळ्या मावतात. तिसरं फोर्टी-फाइव्ह. जुन्या घाटाचं, पोलादी, सडपातळ मुठीचं आणि कमी गोळ्यांचं. माझं गणित सांगत होतं की तिन्हींच्या गोळीचा रेटा जवळपास सारखाच आहे. फरक आहे तो पिस्तुलाच्या वजनाचा. जड वस्तू कमी मागे येते. म्हणजे जाडजूड फोर्टी पहिलं, फोर्टी-फाइव्ह दुसरं, हलकं फोर्टी शेवटचं. निकाल लागलाच होता. गोळ्या झाडणं ही फक्त औपचारिकता.

घरी, यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवताना मी हे सगळं सांगितलं. मुलगी भातावर आमटी घेत, वाक्याला इथला 'ला' जोडत म्हणाली, "मम्मी, जस्ट चूझ द नाइस वन ला."

"नाइस म्हणजे काय? मोजता आलं पाहिजे ना."

"सगळंच काय मोजायचं! यू नॉट ॲट वर्क, ला."

नवरा बँकेत काम करतो. तो धोका आधी बघतो. गेल्या वर्षी ओल्या फरशीवर पडून माझं उजवं मनगट मोडलं होतं. "अगं, हाडांच्या डॉक्टरांनी आता काही हरकत नाही म्हटलंय ते ठीक, पण म्हणून फोर्टी-फाइव्ह?"

"अहो, ते दुसऱ्या नंबरवर आहे. मी पहिल्या नंबरचं घेणार."

"पहिला नंबर घ्यायची सवय काही जाणार नाही तुझी," तो म्हणाला आणि मला पोळी वाढली.

शनिवारी रेंजवर गेले. हलकं फोर्टी अपेक्षेप्रमाणेच निघालं. ओला टॉवेल झटकावा तसा फटका, नळी उसळून वर. फोर्टी-फाइव्हचा धक्का वेगळाच होता. फटका नाही, रेटा. दारात उभं असताना कुणी तळहाताने बाजूला सारावं तसा. आणि माझं लाडकं जाडजूड फोर्टी तर हातात शांत वाटलं. मी खूश. मग लक्ष्याचा कागद जवळ आणून पाहिला. त्या शांत पिस्तुलाच्या सगळ्या गोळ्या खाली डावीकडे गोळा झाल्या होत्या. पुन्हा झाडल्या, पुन्हा तेच.

"माशी बरोबर बसवलेली नसेल," नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटीकडे बोट दाखवत मी म्हणाले.

बाजूला उभ्या असलेल्या कप्तान डॉक्टरांनी तेच पिस्तूल घेतलं, नीट उभे राहून काही गोळ्या झाडल्या. सगळ्या मधोमध.

"माशी ठीक आहे," ते म्हणाले. "माझे काही पेशंट असतात. सुई अजून ट्रेमध्येच असते आणि ते ओरडतात. मी म्हणतो, अंकल, मी अजून काहीच केलं नाही."

"मी ओरडत नाहीये, डॉक्टर."

"तू नाही. तुझं मनगट ओरडतंय." मग त्यांनी माझी मॅगझिन माझ्याकडे पाठ करून भरली आणि परत दिली. "झाड."

मी झाडू लागले. मध्येच एकदा फक्त टिक वाजलं. त्यांनी मुद्दाम एक डमी काडतूस घातलं होतं, ज्यात दारूच नसते. गोळी सुटली नाही, धक्का आला नाही. तरी माझ्या डोळ्यांदेखत पिस्तुलाचं तोंड खाली डावीकडे गपकन बुडालं. बाकीच्या वेळी हा बुडवा गोळीच्या उसळीत झाकला जात होता, म्हणून मला कधी दिसलाच नव्हता.

मी हसले. दुसरं काय करणार? सगळे रकाने भरले होते आणि पाइप घाबरत नाही, माणूस घाबरतो, एवढीच गोष्ट विसरले होते. धक्का यायच्या आधी मी अंग आवळत होते, बाईंनी शिकवल्यासारखं. बाईंचं चुकलेलं नव्हतं. रायफलला खांद्याचा आधार असतो; तिथे दगड होणं शहाणपणाचं. पिस्तूल दोन हातांच्या टोकाला लटकलेलं असतं. तिथे ऐनवेळी मुठी आवळल्या की नळी हलणारच.

मग मी तुलनेची पद्धतच बदलली. आलेला धक्का मोजायचा नाही. न आलेला मोजायचा. तिन्ही पिस्तुलांच्या मॅगझिन डॉक्टरांनी भरायच्या, डमी कुठे आहे हे मला कळू द्यायचं नाही आणि टिक वाजल्यावर नळी किती बुडते ते त्यांनी बाजूने पाहायचं. कागदाकडे बघायचंच नाही. त्यांना ही कल्पना एवढी आवडली की ते संघातल्या इतरांनाही छळू लागले.

पुढचे कित्येक शनिवार असेच गेले. हलकं फोर्टी लवकरच बाद झालं. पण जाडजूड फोर्टीचं काय बिनसतंय ते कळेना. धक्का कमी, तरी बुडवा जास्त. शेवटी रिकामं पिस्तूल नुसतं धरून आपल्या बोटांकडे पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. माझा हात लहान आहे. त्या जाड मुठीवरून चापापर्यंत बोटाचं फक्त टोक पोहोचत होतं. प्रत्येक गोळीनंतर पकड सरकायची, आणि पुढच्या गोळीआधी मी ती सावरायला सगळी मूठ आवळायचे. फोर्टी-फाइव्हची सडपातळ मूठ माझ्या तळव्यात भरून बसत होती. धक्का अंकाने जास्त होता, पण येऊन जात होता, आणि हात जिथल्या तिथे राहत होता. ज्याच्या आकड्याला भीत होते ते पिस्तूलच मला सगळ्यात कमी घाबरवत होतं.

मनगटाचं म्हणाल तर ते एकदाही दुखलं नाही.

मी डॉक्टरांना सांगितलं, "फोर्टी-फाइव्ह."

"आयो! त्यात गोळ्या कमी बसतात. सगळे पळत असतील आणि तू मॅगझिन बदलत बसशील."

"मॅगझिन बदलायचा सराव करून वेग वाढेल. बोट लांब करायचा सराव नसतो."

त्यांनी हनुवटी खाजवली. "तोंडी उत्तर चालणार नाही. पुढच्या शनिवारी दाखव. टायमर लावून, पूर्ण फेरी."

त्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी डोळे मिटून रिकाम्या हातांनीच मॅगझिन बदलत होते; शेजारच्या बाईला वाटलं असेल मी जपमाळ ओढतेय. शनिवारी नवरा आणि मुलगी दोघंही आले आणि काचेमागच्या बाकावर बसले. डॉक्टरांनी माझ्या मॅगझिन भरल्या, नेहमीसारखी पाठ करून. टायमर वाजला. मी पहिल्या जागेवरून झाडलं, चालत दुसऱ्या जागेवर आले, मॅगझिन टाकली, दुसरी बसवली. रेटा येत होता आणि जात होता. माशी वर जाऊन पुन्हा आपल्या जागी येऊन बसत होती, आणि मी फक्त तिची वाट बघत होते.

शेवटच्या लक्ष्यावर टिक वाजलं.

माशी होती तिथेच होती. काळ्या ठिपक्यावर, स्थिर. मी ती क्षणभर बघितली, मग पिस्तुलावरची स्लाइड मागे ओढून डमी बाहेर फेकलं आणि फेरी पूर्ण केली. पिस्तूल रिकामं करून दाखवलं, टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी वाकून जमिनीवरचं डमी उचललं, खिशात टाकलं आणि टायमर माझ्यासमोर धरला. वेळ त्यांना हवी होती त्यापेक्षा थोडी जास्तच होती.

"हळू आहेस," ते म्हणाले. "पण ते शिकवता येतं. तुझं नाव मी आज देतो. परवान्याचा अर्ज तू सोमवारी कर."

काचेमागे मुलीने दोन्ही अंगठे वर केले. नवऱ्याने स्वतःचं उजवं मनगट धरून खुणेनेच विचारलं, ठीक? मी हात वर करून गोल फिरवून दाखवला.