अर्जात राहून गेलेली मराठी

अमरावतीत आमची छोटी संस्था आहे. कुणाचं प्रशिक्षण असलं की राहण्याची, जेवणाची, गाड्यांची सोय आम्ही बघतो. काही वर्षांपूर्वी हरवलेल्या मुलांच्या तपासावर पाच दिवसांचं प्रशिक्षण आमच्या शहरात व्हायचं ठरलं. नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेचे पोलीस अधिकारी येणार होते, आणि अकोला-अमरावतीकडच्या काही महिला पोलीस. सगळी व्यवस्था एका परदेशी सरकारच्या अनुदानातून व्हायची होती. त्या अनुदानाचा अर्ज मी लिहिला होता.

फार जीव लावून लिहिला होता. बडनेरा स्टेशनवर कोणत्या गाडीला किती जण उतरतील, कोण मांसाहार करत नाही, उन्हाळा लागलाय म्हणून हॉलमध्ये किती कूलर लागतील, काही सोडलं नव्हतं. इंग्रजीतून नेपाळी, बंगाली आणि सिंहलीत सांगणारे दुभाषी होते. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग माझं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. आपल्या महिला पोलिसांनी दुभाष्यांचं ऐकायची कानाची यंत्रं काढून टेबलावर ठेवली होती. त्यांच्या यंत्रात काही येतच नव्हतं. परक्या पाहुण्यांच्या तीन भाषांची सोय मी केली होती आणि मराठी विसरले होते. आपल्या लोकांचं काय, ते घेतील समजून, असं कुठेतरी मनात असावं.

चहाच्या वेळी अकोल्याच्या एक हवालदार बाई माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या, शांत. त्या म्हणाल्या, "मॅडम, मले काहीच समजून नाही राहिलं. उद्यापासून मी येत नाही. तिकडं माहं काम पडून हाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी एवढंच म्हणाले, की चूक माझी आहे, उद्याचा एक दिवस द्या. त्या दुपारी मीच मागच्या रांगेत खुर्ची ओढून बसले आणि जमेल तसं मराठीत सांगत गेले. कायद्याच्या शब्दांशी अडखळत होते. त्या बायकाच मला शब्द पुरवत होत्या.

अनुदानात एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवायची तर आधी परवानगी लागते. अनुदानाचं काम पाहणाऱ्या बाई दिल्लीत बसत. त्यांना संध्याकाळी मी काही न लपवता लिहिलं, की मराठीचा दुभाषी धरायचा माझ्याकडून राहिला, एक गाडी कमी करून ती सोय करू द्या. अशी चूक कबूल केली तर पुढचं काम हातचं जाईल, असं आमच्या ऑफिसात सगळ्यांचं मत होतं. सकाळी दिल्लीच्या बाईंचाच फोन आला. मराठीत सांगणारं माणूस आज मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले, आणि मग शोधायला लागले. भातकुलीच्या एक निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिका तयार झाल्या, अकराच्या आत हॉलवर पोचल्यासुद्धा. हवालदार बाई आल्या होत्या.

चौथ्या दिवशी विषय निघाला, सापडलेलं मूल बोलतच नसेल तर काय करायचं. बराच वेळ पुस्तकी उत्तरं झाली. मग हवालदार बाई उभ्या राहिल्या.

"नाव मी आधी इचारतच नाही," त्या म्हणाल्या. "नाव सांगतलं का घरी धाडतीन, याचंच कधी कधी लेकराले भेव असते. पहिले पुसावं, तुह्या घरी सकाळी काय खात होते. खाण्याचं लेकरू खोटं नाही सांगत."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. अकोला स्टेशनवर सापडलेली एक मुलगी दोन दिवस गप्प होती. खाण्याचं विचारल्यावर ती ठेकुआ म्हणाली. बाईंनी फलाटावरच्या बिहारी मजुरांना तो शब्द विचारला, आणि तिथून शोधत शोधत तिचं गाव सापडलं. शिक्षिका हे इंग्रजीत सांगत होत्या तेव्हा नेपाळच्या अधिकारी बाई लिहायच्या थांबल्या. बिहारला लागून असलेल्या आमच्या तराईतही ठेकुआ करतात, त्या म्हणाल्या, आणि आम्ही मात्र नावापासूनच सुरुवात करतो. त्या दिवशी जेवणाच्या वेळी दोघी शेजारी बसल्या. मोडक्या हिंदीत बोलणं चाललं होतं, दुभाष्याची गरज पडली नाही.

पुढचं प्रशिक्षण नेपाळमध्ये ठरलं. तिथून आलेल्या पत्रात शिकवणाऱ्यांमध्ये हवालदार बाईंना मागितलं होतं. अर्ज पुन्हा मीच लिहिला. त्यांचा प्रवास, मुक्काम आणि त्यांच्यासोबत भातकुलीच्या शिक्षिका, हे सगळं पहिल्याच पानावर घातलं. नेपाळला एरवी पासपोर्ट लागत नाही, पण अनुदानाच्या नियमात तो हवा होता आणि बाईंकडे नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पासपोर्टची चौकशी केली, माह्या घरी आता चौकशीले कोण येते, म्हणून त्या हसल्या.

नेपाळहून त्यांनी फोन केला. तिन्ही देशांच्या पोलिसांना त्यांनी दुपारभर एकच काम दिलं होतं, आपापल्या भागात लेकरं सकाळी काय खातात ते लिहून काढायचं. म्हणाल्या, "मोठे मोठे साहेब, पण घरी फोन लावून लावून बायकोले इचारत होते."