दम छातीत, दुखणं किडनीत

“हा फुफ्फुसांचा आजार नाहीये. काकांच्या किडन्या खराब झाल्यात,” असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी त्यांना चक्क सांगितलं, “मॅडम, तुम्ही दुसऱ्या पेशंटची फाइल बघताय.”

खरंच म्हणाले! कारण कित्येक महिने आमच्या घरात फक्त छाती हाच विषय होता. पंप, वाफ, अडुळसा, खोकल्याची औषधं, थुंकीची टेस्ट. टीबी नाही असं कळलं तेव्हा आईने देवीला नारळ फोडला. आणि आता मध्येच ही किडनी कुठून आली?

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली आणि वरचं नाव दाखवलं. बाबांचंच होतं.

हे सगळं भराभर लिहून काढतेय कारण तुमच्या घरातही कोणीतरी जिन्यात मध्येच थांबत असेल आणि तुम्ही म्हणत असाल, “वय झालं, विड्यांचा परिणाम.” असेलही. पण एकदा हे वाचा, प्लीज.

बाबा तांडेल होते, म्हणजे बोट चालवायचे, सगळे खलाशी त्यांच्या हाताखाली. आम्ही राहतो पनवेलला, बोट लागायची करंज्याला. आई मार्केटात मासे विकते. मी एकुलती एक, त्यामुळे हॉस्पिटलच्या रांगा माझ्याच.

आधी जाळं ओढताना दम लागायला लागला. मग चालताना. विड्या सोडल्या, अगदी मनापासून सोडल्या, तरी दम होताच. संध्याकाळी पाय सुजायचे, तर म्हणायचे, दिवसभर उभा असतो ना. कमरेसाठी मेडिकलमधून दुखायच्या गोळ्या आणायचे आणि शेंगदाण्यासारख्या खायचे. बीपीची गोळी मात्र बंद. “मना काय होत नाय” म्हणून!

आणि झोप. बाबा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले. बोटीवर तसंच झोपतात, जाळ्याच्या ढिगाला पाठ लावून, त्यामुळे आम्हाला वाटलं जुनी सवय वर आली. आई चिडवायची, “आवो, घर हाय ह्या, बोट नाय. पाय पसरा, कोन बुडवीत नाय तुमाना.” बाबा हसायचे. कोणालाच कळलं नाही की माणूस आडवा झाला की त्याला श्वासच घेता येत नव्हता.

मॅडमनी हे पहिल्या पाच मिनिटांत विचारलं. “काका, किती उशा लागतात झोपायला?” मला वाटलं काय विचित्र प्रश्न आहे! याला ऑर्थोप्निया म्हणतात, म्हणजे आडवं झाल्यावर लागणारा दम. तो लागत असेल तर बाकी सगळं सोडा आणि डॉक्टरकडे जा.

मला समजलं तसं सांगते. किडनी शरीरातलं जास्तीचं पाणी आणि मीठ लघवीतून बाहेर टाकते. ती दमली की पाणी आतच राहतं. आधी पायात उतरतं, मग फुफ्फुसांत. त्याला पल्मोनरी एडिमा म्हणतात, म्हणजे हवेच्या जागेत पाणी. बरं, एवढंच नाही. किडनी बिघडली की रक्तात अॅसिड वाढतं, तो अॅसिडोसिस. मग फुफ्फुसं ते बाहेर फेकायला भराभरा श्वास घेत बसतात. रक्तही कमी होतं, म्हणून अजून दम. म्हणजे बिचारी फुफ्फुसं दुसऱ्याची ड्युटी करत होती आणि आम्ही औषध त्यांनाच देत होतो!

बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, खूप वाढलेलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. सीकेडी, क्रॉनिक किडनी डिसीज, हळूहळू वाढत गेलेला आणि आता शेवटच्या टप्प्यावर आलेला. मॅडम म्हणाल्या, “डायलिसिस लागेल. आजच.”

बाबा म्हणाले, “मना नको. येकदा लावला का माणूस मशीनचाच झाला. पंप द्या, मी घरा जातू.”

“काका, पंपाने श्वासनळी मोकळी होते. पाणी बाहेर येत नाही.”

“मंग नको येव दे.”

आई तिथेच होती. मार्केटमधून तशीच आलेली, पदर कमरेला खोचलेला. ती बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. “जल्माचा वारा ओलखलाव, आन सोताचा श्वास ओलखत नाय? मना इधवा कराची आसंल तं तसा सांगा. मी टोपली उचलून चालली.” आणि खरंच चालायला लागली! बाबा मागून म्हणाले, “आगं थांब. येकदाच करतू. येकदाच!”

मानेत नळी टाकली. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनमध्ये गाळायचं आणि परत आत सोडायचं. मला वाटायचं खूप रक्ताचं काहीतरी भयंकर असेल. तसं काही नसतं. माणूस पलंगावर पडून असतो, मशीन गुरगुरतं, बाजूचे काका पेपर वाचतात. सलग काही दिवस केलं आणि बाबा चक्क आडवे झोपले. घोरले! आई आणि मी वॉर्डमध्ये त्यांचं घोरणं ऐकत बसलो होतो, कुठला तरी कार्यक्रम असावा तशा.

आणि इथेच घोळ झाला. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून नीट वाचा.

बाबांना एवढं बरं वाटायला लागलं की त्यांच्या मते आजार संपला. दम लागत होता, दम गेला. मग आठवड्यातून तीनदा मशीन कशाला? मी समजावून थकले. तरी जात होते कुरकुर करत. मग आलं बेलपाड्याच्या आत्याच्या मुलाचं, सागरदादाचं लग्न.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. आणि बाबा नवरदेवाचे मामा. मामाशिवाय हळदीचं पान हलत नाही. हळद नेमकी डायलिसिसच्या दिवशी. बाबा मला म्हणाले, “सेंटरमधून फोन आलता, परवा बोलावलंय.” मी विश्वास ठेवला. फोनबिन काही आला नव्हता. नंतर कळलं, आधी सांगितलं असतं तर त्यांनी खरंच वेळ बदलून दिली असती. तुम्ही विचारा हं, लाजू नका.

मानेतली नळी दिसू नये म्हणून बाबांनी गमछा गुंडाळला. बेलपाड्यात सगळे, “तांडेल, दर्यातून कवा परतलास? बारीक झालास की रं!” बाबा खूश. मे महिन्याचं उकडतंय, डीजे दणदणतोय, पुढ्यात सुकट आणि सुकं मटण, दोन्हीत मीठ भरपूर. मग तहान. मग सरबत, मग बर्फाचं पाणी, मग अजून सरबत. आई बायकांत, मी नाचण्यात. आत्या म्हणाली, “दादा, बस जरा,” तर म्हणे, “मना काय धाड भरलीय?” आणि भाच्याला हळद लावून वर नाचले!

सकाळी लग्नाला निघायच्या वेळी बाबा मोरीच्या उंबऱ्यावर बसलेले, ओठ निळसर, एक शब्द बोलता येईना. श्वासाचा आवाज असा, पाण्यात नळी घालून फुंकल्यासारखा. लग्नासाठी सजवलेली एक गाडी दारात होती, तिच्यातूनच नेलं. हार लावलेल्या गाडीतून आयसीयूत.

बायपॅप लावलं. म्हणजे तोंडावर घट्ट मास्क, तो हवा जोराने आत ढकलतो. लगेच डायलिसिस. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, “पुढचे काही तास अवघड आहेत.” मी नेसलेल्या पैठणीत वेटिंगच्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्या हाताची मेंदी बघून बाजूच्या ताई म्हणाल्या, “नवीन लग्न का?” मला रडूच फुटलं. त्या ताईंनी काही न विचारता मला चहा आणून दिला. नावही माहीत नाही त्यांचं. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर, थँक्यू.

तिकडे मामाशिवाय लग्न लागलं. दुपारी बाबा शुद्धीत होते, पण मास्कमुळे बोलता येत नव्हतं. मॅडम त्यांच्या जवळ बसल्या. “काका, छाती मोकळी झाली म्हणजे किडनी बरी झाली असं नाही. आपण साचलेलं पाणी काढलं. नळ चालूच आहे.” बाबांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत सागरदादा आणि वहिनी आले, थेट मांडवातून, मुंडावळ्यांसकट. आत एकावेळी एकच म्हणून सिस्टर ओरडत होत्या, पण दोघं घुसलेच. पाया पडले. बाबांनी आशीर्वाद द्यायला मास्क ओढून काढला आणि सिस्टर केवढ्याने ओरडल्या, “काका! मास्क!” बाबांनी घाईघाईने मास्क परत लावला आणि हात नुसता दोघांच्या डोक्यावर ठेवला. सागरदादा म्हणाला, “मामा, तू नव्हतास तं अंतरपाट धराला मना कोन दिसंना. डोले तुनाच शोधत व्हते.” बाबांच्या डोळ्यांतून पाणी मास्कच्या कडेने खाली गेलं.

मास्क निघाला तेव्हा त्यांनी मॅडमना विचारलेला पहिला प्रश्न होता, “आता परत कवा येवाचा?”

आता हातात फिस्टुला केलाय, म्हणजे शीर आणि धमनी जोडून मशीनच्या सुईसाठी केलेली जागा. मानेतली नळी गेली. पाणी मोजून, मीठ नावाला. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस घेतली, कारण अशा पेशंटच्या फुफ्फुसांना इन्फेक्शन पटकन होतं. बोटीवर जाता येत नाही, याचं त्यांना खूप वाईट वाटतं आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. तुम्हाला सांगते, सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. पण दम लागणाऱ्या माणसाची छाती तपासताना लघवी, क्रिएटिनिन आणि बीपीही तपासून घ्या. दुखायच्या गोळ्या मनाने खाऊ नका. आणि बरं वाटलं म्हणून डायलिसिस चुकवू नका. एवढं जरी कोणी ऐकलं ना!

हे मी डायलिसिस सेंटरच्या बाहेर बसून टाइप करतेय. मघाशी आत डोकावले तर बाबा म्हणाले, “काय टपटप लावलीयस?” म्हटलं, तुमच्यावर लिहितेय, लोकांना उपयोग होईल. शेवटी काय लिहू सांगा.

त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“लिव. मना मशीन आवडत नाय.” सुईचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने चादर वर ओढली. “पन येतू मी.”